रकाना क्रमांक नऊ

‘निरंक म्हणजे काय ओ, सर?’ चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता सगुणाबाईंनी विचारलं, आणि विठ्ठल टिपणीसांचा हात कपापर्यंत जाऊन तिथेच थांबला.

‘काही नाही,’ ते म्हणाले.

‘म्हनजे मना सांगायचं नाय का?’

‘तसं नाही हो. निरंक म्हणजेच काही नाही. शून्य. लिहिण्यासारखं काही नाही.’

सगुणाबाईंनी मान डोलावली. मग पदराला हात पुसत अगदी साध्या आवाजात त्यांनी सांगितलं, की कायम करायच्या लोकांची यादी सकाळी फळ्यावर लागली आहे, तिच्यात त्यांचं नाव नाही, आणि चौकशीच्या खिडकीवरच्या वर्षाली मॅडम म्हणाल्या, की तुमच्या कागदांवर सात वर्षं रकाना नऊमध्ये निरंक आहे, म्हणून मार्क कमी पडले. चार मार्क. एवढं बोलून त्या बशीत सांडलेला चहा पुसायला फडकं आणायला गेल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तीच तर पंचाईत होती. तक्रार असती तर टिपणीसांनी तिला उत्तर दिलं असतं. एकतीस वर्षं विद्यापीठाच्या नोकरीत त्यांनी दुसरं केलं काय? त्या सातही कागदांवरचं अक्षर त्यांचं होतं.

आता हा शब्द त्यांनी जितक्या वेळा लिहिला असेल तितक्या वेळा बायकोला नावाने हाकसुद्धा मारली नसेल. कल्याणच्या उपकेंद्रातले वरिष्ठ लिपिक, अभिलेख कक्षाचा ताबा त्यांच्याकडे, आणि कागदावरचा रकाना रिकामा दिसला की त्यांचा हात पेनाकडे जायचा. रिकामा रकाना म्हणजे फाइल परत. वरचा साहेब पेन्सिलीने गोल करतो आणि कागद तीन आठवडे हिंडून पुन्हा आपल्याच टेबलावर येऊन पडतो. त्यापेक्षा निरंक लिहावं आणि मोकळं व्हावं. तसा शब्दही गुणाचा. विभागीय चौकशी, निरंक. तक्रारी, निरंक. येणे बाकी, निरंक. ज्याच्या कागदावर जास्तीत जास्त निरंक तो माणूस स्वच्छ, हे नोकरीला लागल्या लागल्या त्यांच्या पहिल्या साहेबाने शिकवलं होतं. सेवानिवृत्त होताना माणसाला दुसरं हवं असतं काय? त्यामुळे मार्च महिन्यात स्वमूल्यमापनाचे फॉर्म आले, की आठव्या रकान्यात विनापरवाना गैरहजेरी, निरंक, आणि दहाव्यात शिक्षा, निरंक, असं लिहीत जाणारा हात मधल्या नवव्यावर कशाला थांबेल? नववा होता ‘नेमून दिलेल्या कामाव्यतिरिक्त स्वेच्छेने केलेले काम’. तिथेही निरंक. हात वाहत होता, हात सराईत होता, आणि हात दुसऱ्याच्या आयुष्यावर फिरतो आहे हे हाताला कोण सांगणार?

बरं, हे फॉर्म भरणं त्यांचं काम होतं का? मुळीच नव्हतं. ज्याचा फॉर्म त्याने भरायचा, तो स्वमूल्यमापन अहवाल. पण शिपाई, माळी, सफाईवाले मिळून चौदा जण, कुणी चौथी झालेलं, कुणी सातवी, आणि फॉर्मची भाषा अशी की पदवीधराला घाम फुटावा. एका वर्षी माळ्याने ‘उद्दिष्टपूर्ती’ या शब्दापुढे आपल्या मुलीच्या लग्नाची तारीख लिहिली, तेव्हापासून चौदाही जण मार्चअखेरीला टिपणीसांच्या टेबलाशी येऊन उभे राहायला लागले. टिपणीसही डबा बाजूला सारून सगळ्यांचे फॉर्म भरायचे, कुणाला नाही म्हणायचे नाहीत. टिपणीस सर म्हणजे देवमाणूस, असं जिन्यात कुणीतरी बोललेलं त्यांनी एकदा ऐकलं होतं आणि दोन दिवस त्यांना बरं वाटत होतं. आता फडक्याने बशी पुसणाऱ्या सगुणाबाईंच्या हाताकडे बघताना त्यांना ते वाक्य आठवलं आणि कान तापले. देवमाणूस! त्यापेक्षा वाटेतला दगड बरा, त्याला निदान कुणी नमस्कार करत नाही.

सगुणा भोईर सोळा वर्षं तात्पुरत्या होत्या. हा शब्दसुद्धा बघा, सोळा वर्षं आणि तात्पुरत्या. आंबिवलीजवळच्या मोहन्याहून यायच्या, सव्वानऊला कुलूप उघडायच्या. नवरा गेल्यावर लागल्या, तेव्हा मुलगा केतन तिसरीत होता. आता यादीत नाव नाही म्हणजे पुढची यादी निघेपर्यंत थांबायचं, असंही नव्हतं. जूनपासून उरलेली सगळी कामं कंत्राटदाराकडे जाणार होती, आणि कंत्राटदाराला एकोणपन्नास वर्षांची बाई नको असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हरकत घ्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आज बुधवार. टिपणीसांनी चहा घशाखाली ढकलला आणि म्हणाले, मी तुमचा हरकतीचा अर्ज लिहितो, तुम्ही फक्त सांगा, की नेमलेल्या कामापलीकडे तुम्ही काय काय केलंत.

सगुणाबाईंनी खूप विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाल्या, ‘काम ते काम, सर. त्यात जास्तीचं कुठलं?’

आणि त्या गेल्या. टिपणीस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. त्यांनीच आता आठवायचं होतं, आणि आठवू लागले तसं काहीतरी चमत्कारिक घडायला लागलं. जिथे जिथे त्यांना आपण दिसत होतो तिथे तिथे जरा मागे, दाराशी, सगुणाबाई उभ्या होत्या. निकालाच्या दिवसांत खिडकीबाहेर रांग लागते. टिपणीसांची खिडकी सगळ्यांत झपाट्याने चालते अशी ख्याती होती. पण का चालते? बाई रांगेच्या शेवटापासून एकेका पोराचे कागद बघत यायच्या, अगं फोटो कुठंय, अरे झेरॉक्स आणली नाहीस, जा, कोपऱ्यावर दुकान आहे, मी तुझा नंबर धरते. खिडकीपाशी पोहोचेपर्यंत प्रत्येकाचे कागद लावलेले असायचे. ‘प्रकरणांचा निपटारा, उत्कृष्ट’ हा शेरा टिपणीसांना सलग नऊ वर्षं मिळाला होता. आंबिवलीची एक मुलगी गुणपत्रिका बघून मटकन खाली बसली, तिला बाईंनी स्वतःच्या डब्यातली भाकरी खाऊ घातली आणि घरापर्यंत सोडून आल्या, आणि अर्धा दिवस रजा कुणी मांडली? टिपणीसांनीच. नियमाप्रमाणे. जुन्या नोंदवह्या सालवार लावलेल्या असतात, त्या कुणी लावल्या? त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही, म्हणून तर ते रकाना नऊचं काम! सोळा वर्षं ते पंख्याखाली बसून असं समजत आले, की खोली मुळातच अशी नीट असते.

आणि मग अर्थातच तो दिवस. तो टाळून कुठे जाणार होते? दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, डोंबिवलीच्या घरी बूट घालताना समोरच्या भिंतीवर प्रशस्तिपत्र होतंच. सुहासिनी, म्हणजे त्यांची बायको, दर शनिवारी त्याची काच पुसायची. ‘जुलै २०१९च्या पूरपरिस्थितीत श्री. वि. ज. टिपणीस यांनी प्रसंगावधान राखून, कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने, विद्यापीठाचे मूळ अभिलेख सुरक्षित स्थळी हलविले.’ मसुदा त्यांचाच. साहेबांनी मागितला होता, त्यांनी लिहून दिला होता. कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने! म्हणजे एक बाई, गुडघाभर पाण्यात, तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, सकाळपासून दुपारपर्यंत. दुपारनंतर पाणी कमरेला लागलं तेव्हा गुणांच्या सगळ्या मूळ नोंदवह्या वर पोहोचल्या होत्या. टिपणीस त्या दिवशी घरी होते. उल्हास नदी फुगली होती, गाड्या बंद होत्या. सगुणाबाईंचा फोन आला, सर, मी हापिसात हाय, कुठले गठ्ठे आदी उचलू, आणि त्यांनी फोनवरून सांगितलं, आधी लाल कापडातले, मग निळे. सहा वर्षं त्यांची त्या दिवसाची आठवण इथून सुरू व्हायची. सूचना त्यांची, अक्कल त्यांची, तेव्हा प्रशस्तिपत्रात फार काही खोटं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पण आज बुटाची नाडी हातात धरून बसल्यावर त्यांना त्यानंतरचा मार्च आठवला. एकाच दुपारी, एकाच पेनाने त्यांनी दोन फॉर्म भरले होते. स्वतःच्या रकाना नऊमध्ये पुराची हकिगत साडेचार ओळींत, शेवटच्या ओळी समासात वळवून. आणि लगेच पुढचा फॉर्म ओढला, नाव सगुणा धर्मा भोईर, रकाना नऊ, निरंक. शाईसुद्धा वाळली नव्हती. सवय म्हणावी तर पाचच मिनिटांपूर्वी त्याच रकान्यात काय लिहायचं ते त्यांना बरोबर सुचलं होतं! त्यांना स्वतःची अशी किळस आली की ते बराच वेळ उठलेच नाहीत, आणि सुहासिनी स्वयंपाकघरातून विचारत राहिली, अहो, गेलात का?

ऑफिसात पोहोचल्यावर त्यांनी अर्जासोबत जोडायचं स्वतःचं निवेदन लिहून काढलं. त्यात हात आखडता घेतला नाही, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. चौदा जणांचे फॉर्म मी भरत होतो, हे अनियमित होतं. श्रीमती भोईर यांच्या रकाना नऊमधली नोंद चुकीची आहे. पुराच्या दिवशी अभिलेख हलवण्याचं काम त्यांनी एकटीने व स्वेच्छेने केलं. ‘वाहतूक बंद असल्यामुळे मी स्वतः उपस्थित राहू शकलो नाही. सबब माझ्या नावे दिलेले प्रशस्तिपत्र वस्तुस्थितीस धरून नाही.’ पुढच्याच महिन्यात अधीक्षकपदाच्या मुलाखती होत्या. बावीस वर्षं ते वरिष्ठ लिपिक होते, निवृत्तीला सतरा महिने उरले होते, आणि या कागदाबरोबर ती खुर्ची गेली हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला? पण वाईटाच्या खाली एक छान वाटणंही होतं, आपण केवढं मोठं करतो आहोत असं, आणि दुपारी सगुणाबाईंना जिन्याखाली बोलावून कागद वाचून दाखवताना त्यांचा आवाज त्याच छान वाटण्याने जरा भरून आला होता.

सगुणाबाईंचा चेहरा पडला. ‘त्या दिशीचं नको, सर,’ त्या म्हणाल्या. ‘बाकी काय पन लिवा.’

टिपणीसांना कळेना. अहो, तेच तर एकमेव आहे जे कुणाला नाकारता येणार नाही! भाकरी खाऊ घातली, रांग लावली, याला पुरावा काय? मग बाईंनी तुटक तुटक सांगितलं, ते असं. त्या दिवशी सकाळी त्या घरून निघाल्या तेव्हा मोहन्यात पाणी रस्त्यावर आलं होतं, घरात नव्हतं. केतन कॉलेजच्या मित्रांकडे ठाण्याला अडकलेला. घरी सासरे एकटे, पायाने अधू. बाई गेल्या आणि तासाभरात पाणी घरात शिरलं. शेजाऱ्यांनी म्हाताऱ्याला माळ्यावर चढवलं, तिथे तो संध्याकाळपर्यंत बसून होता, आणि शेजारी विचारत होते, सून कुठंय? सून कल्याणला विद्यापीठाचे गठ्ठे उचलत होती. घरी आल्यावर बाईंनी सांगितलं, साहेबाचा हुकूम होता, गेले नसते तर नोकरी गेली असती. सहा वर्षं सगळं घर तेच धरून चाललं होतं. सहा वर्षं सासरा त्यांच्याशी थेट बोलला नव्हता, काही हवं असलं तर केतनला सांगायचा. आता कागदावर ‘स्वेच्छेने’ आलं, तर कागद केतन वाचणार, बाईंचे सगळे कागद तोच वाचतो, आणि मग घरात काय उरेल?

टिपणीसांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. हुकूम होता म्हणावं तर ते नेमून दिलेलं काम झालं, त्याला मार्क नाहीत. मार्क स्वेच्छेलाच. आणि स्वेच्छा तर या बाईने घरात लपवून ठेवलेली. फॉर्म छापणाऱ्याला हे कुठून सुचणार? शेवटी त्यांनी, खरं म्हणजे वैतागूनच, विचारलं, की मग तुम्ही गेलात तरी कशाला? कुणीच बोलावलं नव्हतं ना?

बाईंनी त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. ‘तुमी फोन केल्ता ना, सर.’

‘मी? फोन तुम्ही केलात. ऑफिसातून.’

‘तो नंतरचा. पहिला तुमचा आल्ता, सकाळी. मी चुलीवर पानी ठेवत व्हते.’ त्या थांबल्या, आणि मग त्यांनी हळू आवाजात, शेजारून कुणी जात नाही ना हे बघून, सांगून टाकलं. ‘तुमी रडत व्हता.’

टिपणीसांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांना गॅलरी दिसली. डोंबिवलीच्या घराची मागची गॅलरी, दार ओढून घेतलेलं, सुहासिनीला ऐकू जाऊ नये म्हणून. हातात फोन. त्याआधीच्या वर्षी एक नोंदवही गहाळ झाली होती, चौकशी होता होता टळली होती, आणि आता अख्खी खोली पाण्याखाली जाणार, ताबा आपला, सही आपली. त्यांनी तीन जणांना फोन केले होते, दोघांनी उचलला नव्हता. तिसऱ्या सगुणाबाई. जा म्हणून ते म्हणाले नव्हते, हे खरं. ते फक्त म्हणाले, सगुणाबाई, माझं काही खरं नाही आता, आणि त्यापुढे शब्द फुटले नव्हते. सहा वर्षं हे सगळं कुठे होतं? त्यांनी ते कुठल्या गठ्ठ्यात बांधून ठेवलं होतं? लाल गठ्ठे, निळे गठ्ठे, सगळं लख्ख आठवत होतं, आणि ही गॅलरी तेवढी नव्हती. ते जिन्याच्या पायरीवर बसले. सगुणाबाई पाणी आणायला निघाल्या, तशी ते म्हणाले, नको, थांबा जरा.

‘तुमी घरी या,’ बाई म्हणाल्या. सोळा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. ‘हुकूम नव्हता ते म्हाताऱ्याला तुमी सांगा. मी का गेले ते पन सांगा. मंग लिवा काय लिवायचं ते.’

हरकती ऐकणाऱ्या उपकुलसचिवांसमोर कागद ठेवणं त्यांना जमलं असतं. कागदाला तोंड नसतं. पण एका अनोळखी म्हाताऱ्यासमोर उभं राहून, मी रडलो, हे सांगायचं? त्याच संध्याकाळी आंबिवलीला लोकलमधून उतरून शेअर रिक्षाने मोहन्याकडे जाताना त्यांच्या मनाने छप्पन पळवाटा शोधल्या. ‘मी विनंती केली होती’ असं म्हणता येईल. विनंती हा बरा शब्द आहे. ‘परिस्थिती गंभीर असल्याचं कळवलं होतं.’ तेही चालेल. रिक्षात शेजारी सगुणाबाई पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत होत्या. रेयॉन कंपनीची भिंत लांबच लांब सोबत येत होती. मध्येच टिपणीसांच्या मनात आलं, की ही बाई रोज या रस्त्याने येते हे आपल्याला माहीत होतं, पण इथे ती राहते असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

धाकू भोईर ओट्यावर खुर्चीत बसले होते. पंच्याऐंशीच्या पुढचे असावेत, अंगात बनियन, पाय स्टुलावर. सून कुणाला तरी घेऊन आलेली बघून त्यांनी तोंड वळवलं. केतन कामावरून नुकताच आलेला, त्याने खुर्ची आणली. सगुणाबाई दाराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या. टिपणीसांनी विनंती या शब्दाने सुरुवात केली, परिस्थितीही गंभीर असल्याचं सांगितलं, आणि म्हातारा इतका कंटाळून रस्त्याकडे बघत राहिला की त्यांचे सगळे शब्द संपले. मग ते म्हणाले, ‘बाबा, हुकूम कुणाचा नव्हता. मी घाबरलो होतो. मी यांना फोन केला आणि रडलो. म्हणून त्या गेल्या.’

केतनने आईकडे पाहिलं, आईने जमिनीकडे. धाकूंनी पाय स्टुलावरून हाताने उचलून खाली घेतले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ते सुनेकडे बघून बोलले. ‘हुकूम व्हता बोललीस म्हनून मना राग. हुकमासाठी घरचा मानूस टाकून जातंय का कोन? रडनाऱ्याकडं तर जायाचंच.’

सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. टिपणीसांना वाटलं, झालं, सुटलो. ते उठायला लागले. पण म्हाताऱ्याचं बोलणं संपलं नव्हतं, त्याने आता मान त्यांच्याकडे वळवली.

‘ती गेली, बरोबर केलंन. पन तू का नाय गेलास?’

‘वाहतूक बंद होती,’ टिपणीसांच्या तोंडून आपोआप निघालं.

‘ही गेली ना इथनं. शहाडवरनं कल्यानपावेतर चालत.’

आणि टिपणीसांना त्यांच्या इमारतीतला जयेश आठवला, वरच्या मजल्यावरचा, जो त्याच सकाळी ठाकुर्लीच्या बाजूने स्कूटर घेऊन कल्याणला औषधं आणायला गेला होता आणि अकराच्या आत परत आला होता. जिन्यात भेटला होता. येताय का, काका, सोडतो, असंही जाताना म्हणाला होता. टिपणीस दारात उभे होते, पायात चपलासुद्धा होत्या. त्यांनी गॅलरीतून रस्त्यावरचं ते तांबडं पाणी बघितलेलं होतं, त्यात वाहत चाललेली एक पत्र्याची पेटी बघितलेली होती. नको रे, म्हणाले होते, गाड्या बंद आहेत.

‘भीती वाटली,’ ते म्हणाले. ‘पाण्याची. मला जाता आलं असतं.’

म्हाताऱ्याने मान हलवली. त्यात राग नव्हता, दयाही नव्हती. ‘मंग तसं सांग ना,’ धाकू म्हणाले, आणि केतनला आत चहा टाकायला सांगितलं.

चहा येईपर्यंत टिपणीसांनी पिशवीतून निवेदन काढलं आणि मांडीवर ठेवून ते वाक्य शोधलं. एकतीस वर्षांत कुठल्याही कार्यालयीन कागदावर जे त्यांनी कधी वाचलं नव्हतं, ते तिथे लिहायचं होतं. ‘वाहतूक बंद असल्यामुळे’ हे शब्द त्यांनी एका आडव्या रेघेने खोडले, वर लिहिलं, ‘भीती वाटल्यामुळे’, आणि खाडाखोडीशेजारी, नियमाप्रमाणे, तारीख घालून लघुस्वाक्षरी केली.